येऊ दे… येऊ दे… बस्स!

१० नोव्हेंबर २०२५, सोमवार

इंडिकेटर वाजतो! टिक टिक टिक टिक — वाजतो!

दिवाळीची सुट्टी संपली, आज शाळा सुरू. सकाळी बस काढली, खोपटच्या कोपऱ्यावर वळायला इंडिकेटर टाकला आणि दचकलोच. वाटलं डॅशबोर्डात काहीतरी सुटलं. मग कळलं — अरे, हा तर इंडिकेटर! हा आवाज मी विसरूनच गेलेलो. मे महिन्यात गॅरेजवाल्या गणूशी भांडलेलो मी. ‘रिले उडालाय, आवाज येत नाही, बदल.’ तो म्हणाला, ‘दादा, वाजतोय की.’ मी म्हटलं, ‘मला शिकवतोस काय?’ बिचाऱ्याने गपचूप नवा टाकला. तोही वाजला नाही. म्हटलं, हल्लीचा मालच फालतू.

रिले चांगलाच होता. माझे कान गेलेत.

लिहिलं एकदाचं. आजवर मनातसुद्धा असं सरळ म्हटलं नव्हतं.

हे सगळं संचितामुळे. संचिता माझी लेक, कल्याणला दिलेली, तिथेच मोबाईलच्या दुकानात कामाला जाते. दिवाळीत माझ्यासाठी हेडफोन घेऊन आली. पांढरी डबी, आत दोन पांढरे दाणे, वायर नाही काही नाही. ‘पप्पा, घरी भजनं ऐका, फिरायला जाताना ऐका!’ मी म्हटलं, हेडफोन छान आहेत. ‘बड्स म्हणतात हो पप्पा, बड्स!’ मी हेडफोनच म्हणणार. मग तिने माझ्या कानात घालून बोटाने दाबून धरायला शिकवलं. तसं धरलं की गाणं बंद आणि बाहेरचा आवाज आत येतो — रस्त्याने चालताना गाडी कळावी म्हणून. मी दाबलं आणि स्वयंपाकघरातून चुर्र आवाज आला. सरोज, माझी बायको, चकल्या तळत होती. गेल्या दोन दिवाळ्या चकली मुक्याने तळली जात होती माझ्या घरात!

कोणाला काही बोललो नाही. छान आहे म्हटलं आणि डबी खिशात टाकली.

आज बसमध्ये एक घातला, डाव्या कानात. उजव्यात घालून उपयोग नाही, तिथे काहीच येत नाही. मागची पोरं भांडत होती ते कळलं. केशरबाईंच्या बांगड्या ऐकल्या. केशरबाई म्हणजे बसमधल्या मावशी — पोरांना चढवायचं, उतरवायचं काम त्यांचं. ठाण्याच्याच बाळकुम गावातल्या. पाच वर्षं एका बसवर आहोत.

आता शाळेच्या भिंतीला बस लावून लिहितोय. दुपारी पोरं सुटेपर्यंत काम नसतं. आधी इतर ड्रायव्हर लोकांत जाऊन बसायचो. हल्ली जात नाही. ते हसतात तेव्हा मी पण हसतो, आणि कशावर हसलो ते माहीत नसतं. वहीशी बोलायला कान लागत नाहीत.

जानेवारीत आमची तपासणी आहे. डोळे, बीपी — आणि कान.

११ नोव्हेंबर

कानटोपी घालून गेलो, हेडफोन झाकायला. पोरं म्हणाली, ‘काका, काश्मीरला चाललात काय?’ घामाने निथळलो. पण ऐकू आलं!

१३ नोव्हेंबर

आज लिहून टाकतो की मी इतके दिवस काय करत होतो. वाचणारं कोणी नाही.

घोडबंदर रोडच्या आतल्या अंगाला एक मोठी सोसायटी आहे. तिच्या मागच्या गेटची गल्ली पुढे बंद. बस सरळ आत जाते, पोरं उतरतात, आणि मग रिव्हर्समध्येच बाहेर काढावी लागते. कॅमेरा बसवणार, बसवणार म्हणून दोन वर्षं ऐकतोय. तोपर्यंत केशरबाई. त्या खाली उतरतात, बसच्या मागे उभ्या राहतात, पत्र्यावर हात मारतात आणि ओरडतात — ‘येऊ दे… येऊ दे… येऊ दे… बस्स!’ सगळ्या ड्रायव्हर लोकांचं असंच चालतं. आरशात दिसतं ते निम्मं, उरलेलं मागच्या माणसाच्या आवाजावर.

तर गेलं वर्षभर मला तो आवाज येत नव्हता. हात मारलेला कळायचा — सीटमधून, पाठीला. ठप ठप म्हणजे येऊ दे. ठप थांबलं की मी थांबायचो. पाठीने बस चालवली मी! पंचवीस-तीस पोरं आत बसवून!

आज आवाज आला. ‘येऊ दे’ — किती घोगरा आवाज आहे बाईंचा. आणि ‘बस्स’ म्हणतात तेव्हा अशा खेकसतात! मला हसू आलं. पण लगेच थांबलं. कारण आज कळलं की त्या ‘बस्स’ म्हणतात ते हात थांबायच्या आधी. म्हणजे वर्षभर मी दरवेळी थोडा जास्तच मागे जात होतो.

घरी हेडफोन घालत नाही. चार्जिंग बससाठी राखून ठेवतो. आणि सरोजला कळेल. ती हल्ली ओरडूनच बोलते. शेजारच्या गंगुबाई तिला विचारतात, भांडण झालं का गं? म्हणून ती कामापुरतंच बोलते. भाजी काय करू. दळण आणा. दार लावा. बाकीचं काय बोलायची ते बोलतच नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

कल्याणला गेलो. सरोजला म्हटलं संचिताकडे जातो. गेलो कानाच्या डॉक्टरकडे. ठाण्यात नको — ठाण्यात एखादा पालक भेटायचा.

काचेच्या खोलीत बसवलं. मोठे काळे हेडफोन, वायरवाले. हातात बटण. ‘आवाज आला की दाबा.’ मी बसलो. बसलो. काहीच होईना. काचेतून मशीनवरची पोरगी बघत होती. मग मी उगाचच दाबलं. पुन्हा दाबलं. परीक्षेत नुसता अंदाजाने बाण मारावा तसं. तिने मान हलवली, पुन्हा पहिल्यापासून केलं. तिला कळलं असणार.

डॉक्टरीण बाई समोर बसून सावकाश बोलल्या, ओठ वाचता येतील असं. उजवा गेलाच म्हणा. डावा निम्मा. तोही उतरत जाणार. मी खिशातली डबी दाखवली — हे घातलं की येतं ऐकू. त्या म्हणाल्या, ‘घरात ठीक आहे. पण याच्यावर विसंबू नका. आवाज कुठल्या बाजूने आला ते यात कळणार नाही. आणि चार्जिंग संपलं की संपलं.’ मग विचारलं, ‘गाडी चालवता का?’

मी म्हटलं, ‘नाही हो. दुकान आहे माझं.’

कसलं दुकान? ते त्यांनी विचारलं नाही, देवाची कृपा. रिपोर्ट घ्यायला थांबलोच नाही. चप्पल घालायला गेलो तर घाईत अंगठा पट्ट्यात जाईना.

संचिताकडे गेलो नाही. पोरगी तोंड बघून ओळखते.

२० नोव्हेंबर

घात होता होता टळला.

मानपाड्याच्या अलीकडे, ट्रॅफिकमध्ये अडकलेलो. रात्री घाईत डबीत नीट बसवला नसणार — कानात टुंग टुंग झालं आणि बंद. सगळंच बंद. पोरं, इंजिन, हॉर्न, एकदम काही नाही. आधी हळूहळू गेलेलं ते कळलं नव्हतं. आज एका झटक्यात गेलं. भीती म्हणजे काय ते आज कळलं. मी गाडीत नाहीच, गाडी माझ्याशिवाय चाललीय असं वाटलं.

मग आरशात बघतो तर शेजारचे बाईकवाले माझ्याकडे बघून हात हलवतायत, तोंडं वाकडी करतायत. काय झालं कळेना. केशरबाई उठून आल्या आणि खांदा गदागदा हलवला. मागे बोट दाखवलं. ॲम्ब्युलन्स! माझ्याच मागे! लाल दिवा फिरतोय आणि मी समोर आडवा!

बाजूला घेतली. किती वेळ ती मागे ओरडत होती? आत कोण होतं? कोणाला विचारू?

केशरबाई नुसत्या माझ्या कानाकडे बघत होत्या. टोपी सरकलेली.

२४ नोव्हेंबर, सोमवार

देवा.

नीट लिहितो. लिहिल्याशिवाय घशाखाली काही जाणार नाही.

दुपारची फेरी. ती बंद गल्ली. ऋजुता उतरली — दुसरीतली, दोन शेंड्या, रोज मला ‘बाय काका’ म्हणते. तिची आई, वल्लरी मॅडम, रोज गेटवर असतात. आज आलेल्या नव्हत्या, वॉचमन घ्यायला आलेला. केशरबाई मागे गेल्या. मी रिव्हर्स टाकला. सकाळीच चार्जिंग गेलेलं, पण म्हटलं रोजचंच आहे, पाठीला कळतं. ठप ठप ठप. मी येतोय. ठप ठप. गल्लीतला खड्डा आला, बस हादरली. ठप कुठलं आणि खड्डा कुठला ते मला कळेना. मी येत राहिलो.

मग चाकाखाली काहीतरी कडकन आलं. ते पाठीला कळलं.

ब्रेक मारला. उतरलो. पाण्याची बाटली — गुलाबी — चपटी. आणि केशरबाई भिंतीला टेकलेल्या, एका हातात ऋजुताच्या दप्तराचा पट्टा गच्च, आणि पट्ट्याला ऋजुता. बाटली निसटून घरंगळत गेली म्हणून पोरगी पळालेली. बसच्या मागे. बाईंनी दप्तराला धरून ओढली.

पोरगी बाटलीसाठी रडत होती. बाटलीसाठी!

केशरबाईंचे ओठ हलत होते. त्या किती वेळ ‘बस्स, बस्स’ ओरडत असतील. सगळी गल्ली ऐकत असेल. एक मी सोडून. वॉचमन पण गेटमधून हात करत होता. बाटली पडली एवढंच आईला सांग, असं काहीतरी बाईंनी त्याला खुणा करत सांगितलं. मी बसमध्ये चढलो आणि चावी फिरवता येईना.

उद्या सांगतो. सुशांतला सांगतो. सुशांत आमचा ट्रान्सपोर्टचा साहेब, पोरगाच आहे, पण माणूस बरा. सांगतो की मला ऐकू येत नाही. खंडोबाची शपथ.

२५ नोव्हेंबर

सांगितलं नाही.

सुशांतच्या टेबलापर्यंत गेलो. ‘काय काका?’ म्हणाला. मी म्हटलं, ‘मागचा टायर बघून घ्या जरा.’

मला नोकरीची भीती आहे, आहेच. या वयात कोण उभं करणार? पण नुसती तीच नाही. आबा आठवतात. माझे वडील. गावाला त्यांना बहिरट म्हणायचे. तोंडावर. आणि मी बहिरटाचा पोरगा. एका लग्नात पंगतीला बसलेले आबा, आणि वाढणाऱ्या पोरांनी काय करावं? नुसते ओठ हलवायचे, आवाज न काढता, आणि आबा म्हणायचे ‘वाढ, वाढ.’ सगळी पंगत हसायची. आबा पण हसायचे. मी हातात जिलबीचं ताट घेऊन उभा. पुढे पुढे आबा कुठे जाईनातच. ओट्यावर बसून राहायचे, भिंतीकडे तोंड करून. त्यांना कोणी मारलं नाही. ते बसून बसूनच संपले.

तो ओटा दिसतो मला. त्यावर जागा रिकामी आहे.

घरी गेलो तर ताटात सुक्या जवळ्याची चटणी. कुठून आला जवळा? सरोजला विचारलं. ती गॅसकडे तोंड करूनच काहीतरी बोलली. मला कळलं नाही. मी म्हटलं, ‘बरं बरं.’

२६ नोव्हेंबर

पकडलो गेलो.

दुपारी सुशांतने केबिनमध्ये बोलावलं. मोबाईल पुढे धरला. ‘काका, हे काय?’ व्हिडिओ. आज सकाळचाच, चालत्या बसमध्ये मी, स्टिअरिंगवर, टोपी वर सरकलेली, डाव्या कानात पांढरा दाणा. आणि मी मान डोलावतोय! इंडिकेटरच्या टिकटिकीवर डोलावत असणार, दुसरं काय. पण दिसतंय असं की साहेब गाण्यात रंगलेत.

पालकांच्या ग्रुपवर गेलाय. वल्लरी मॅडमनी टाकला. सुशांत कागदावर लिहूनच दाखवत होता की काय असं मोठ्या तोंडाने बोलत होता, चिडलेला, म्हणून सगळं कळलं. ‘गाणी ऐकता? पोरं घेऊन चालवताना? खरं सांगा.’

एकच शब्द बोलायचा होता. एकीकडे ‘हो’ — मग मी बेजबाबदार, नालायक, शिव्या खाणार. दुसरीकडे ‘नाही’ — मग हे कानात कशाला, ते सांगावं लागणार.

मी म्हटलं, ‘हो. भजन लावलेलं. चुकलं.’

आणि सांगू? बरं वाटलं. नालायक म्हणवून घेताना इतकं बरं वाटलं! लाज वाटली नंतर.

हेडफोन जप्त. शुक्रवारी मीटिंग. तोपर्यंत बसवर दुसरा माणूस.

सरोजला सांगितलं, ‘गाणी ऐकताना पकडलं.’ वाटलं आता घर डोक्यावर घेणार. तिने मोठ्याने एवढंच विचारलं, ‘काढतील का हो?’ मी म्हटलं, काढतील बहुतेक. तिने पदराने डोळे पुसले, पण चेहरा रडक्यासारखा नव्हता. बाई माणसाचं काही कळत नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

काढलं नाही!

मोठ्या बाई, सुशांत, आठ-दहा पालक. कोपऱ्यात केशरबाई स्टुलावर. मी हात जोडून उभा. एका वेळी तिघं बोलत होते, मला फक्त हलणारी तोंडं. सुशांतच्या चेहऱ्यावर बघून मी कधी मान खाली घालत होतो, कधी ‘हो साहेब’ म्हणत होतो. एकदा चुकीच्या जागी ‘हो’ म्हटलं असणार, दोघं जण माझ्याकडे वळून बघायला लागले.

वल्लरी मॅडम समोर येऊन बोलल्या, म्हणून त्यांचं कळलं. ‘व्हिडिओ कोणी दिला ते मी सांगणार नाही. पण माझी मुलगी त्या बसमध्ये असते काका. मागून कोणी ओरडलं तर तुम्हाला कसं ऐकू येणार?’

कसं ऐकू येणार! त्यांना बाटलीचं काहीच माहीत नाही. मी त्यांच्या पायाकडे बघत राहिलो.

मग एक आजोबा उठले, दुसऱ्या सोसायटीचे. नऊ वर्षांत एक ओरखडा नाही, माणूस चांगला आहे, एक संधी द्या — असं काहीतरी, ओठांवरून लागलं तेवढं. बाकीच्यांनी माना हलवल्या. झालं. सुशांतने अटींचा कागद पुढे केला — माफीनामा लिहून द्यायचा. रोज सकाळी मोबाईल आणि हेडफोन सुशांतच्या टेबलावर ठेवायचे, मगच चावी मिळणार. जप्त केलेले हेडफोन परत मिळाले; सोमवारपासून बसवर हजर.

सुशांतने पाठीवर थाप मारली. मी रडलो. सगळ्यांना वाटलं पश्चात्ताप.

सोमवारपासून कानात काहीच नसणार. हे कोणाच्या लक्षात आलंय? मला माफ केलंय आणि बहिरं करून बसवर पाठवतायत.

आणि केशरबाई! बाहेर गाठून म्हटलं, वाचलो बाई. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी त्यांच्या घरात चोरी केली. तोंड फिरवून चालत्या झाल्या.

३० नोव्हेंबर, रविवार

जेवण गेलं नाही. सरोज पण जेवली नाही. दोघं टीव्हीसमोर बसून राहिलो. टीव्ही बंद होता ते मला मागाहून दिसलं.

१ डिसेंबर, सोमवार

आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात बसून लिहितोय. वर जायचं धाडस होत नाहीये.

सकाळी हेडफोन सुशांतच्या टेबलावर ठेवले, चावी घेतली. सकाळची फेरी कशी केली ते देवाला माहीत. डोळे आरशातून काढले नाहीत. डावा आरसा, उजवा आरसा, पुन्हा डावा. इतकी हळू चालवली की बाईकवाले मागे वळून शिव्या देत जात होते. शिव्याच असणार. आता मला ओठांवरून तेवढ्या कळतात. शाळेत पोचलो तेव्हा शर्ट पिळून घ्यावा असा.

दुपारी ती गल्ली. ऋजुता उतरली. नवीन बाटली, निळी. आज वल्लरी मॅडम होत्या. आत अजून चार पोरं पुढच्या स्टॉपची. मी केशरबाईंना खूण केली — मागे जा. त्या बसल्या जागच्या हलल्या नाहीत. मी म्हटलं, ‘बाई, मागे.’ त्या उठून माझ्या डाव्या कानाशी आल्या, दोन्ही हातांचा भोंगा केला आणि ओरडल्या — ‘मी नाय उतरनार! त्या दिशी पोर गेली असती! तुला काय कराचा ता कर!’

ऐकू आलं. निम्म्या कानाला सगळं ऐकू आलं.

त्यांना माहीत होतं. बाटलीच्या दिवसापासून. कदाचित ॲम्ब्युलन्सच्याही आधीपासून.

मी स्वतः उतरलो. मागे जाऊन बघितलं. गल्ली रिकामी. परत चढलो, क्लच दाबला, रिव्हर्स टाकला. आरशात गल्ली रिकामी. पण आरशात निम्मंच दिसतं. मी उतरून बघितलं तेव्हा कोणी नव्हतं — आता? या दोन पावलांत कोणी आलं असेल तर? कोणी ‘बस्स’ म्हणत असेल तर? मी ब्रेकवरचा पाय उचलायला गेलो आणि पाय उचलला जाईना. मागे एक गाडी येऊन उभी राहिलेली, तिचा माणूस खिडकीतून डोकं काढून तोंड उघडत होता, मिटत होता. हॉर्न देत असणार. मला काही नाही. एकदम शांत. आबांच्या पंगतीसारखं — सगळे ओठ हलवतायत आणि मी मध्ये.

इंजिन बंद केलं. चावी काढली.

वल्लरी मॅडम दारात आलेल्या. काय झालं विचारत असणार. मी उतरलो आणि म्हटलं, ‘मॅडम, मागचा हॉर्न वाजतोय ना? मला ऐकू येत नाही. गाणं नव्हतं कानात. मला ऐकूच येत नाही.’ माझा आवाज किती मोठा निघाला कोण जाणे, खिडकीतली पोरं एकदम उभी राहिली. मी थांबलो नाही. थांबलो असतो तर पुन्हा टायर निघाला असता तोंडातून. बाटलीचं सांगितलं. ऋजुता मागे होती, केशरबाईंनी ओढली, मी ऐकलं नाही, हे सगळं.

मॅडमचा चेहरा पांढरा पडला. ऋजुताचा हात धरला आणि दोन पावलं मागे सरकल्या. माझ्यापासून. बरोबरच केलं. मी पण सरकलो असतो.

केशरबाईंनी सुशांतला फोन लावला. दुसरा ड्रायव्हर येईपर्यंत आम्ही तिथेच. पोरांनी खिडकीतून विचारलं ते केशरबाईंनी मला खुणेने सांगितलं — काका का रडतायत?

शाळेत सुशांत आधी खूप चिडला. टेबलावर हात आपटला ते दिसलं. मग खाली बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. मग उठून माझे हेडफोन आणले, डबी माझ्या हातात ठेवली, आणि सावकाश, ओठ दिसतील असं बोलला. ‘काका. उद्यापासून येऊ नका.’ डोळे भरलेले त्याचे.

तर झालं. बसवरून उतरलो.

आता वर जायचंय. सरोजला सांगायचंय की गाण्याचं खोटं होतं. तुझा नवरा बहिरा आहे. इतके दिवस तुला ‘बरं बरं’ म्हणत आलो ते न ऐकताच. बाटलीच्या वेळी वाटली तेवढीच भीती वाटतेय, खोटं का सांगू.

डबीत दोन्ही दाणे आहेत. चार्जिंग फुल्ल. आता कशासाठी राखून ठेवू?

घालूनच जातो वर.

२ डिसेंबर

सांगितलं. सरोज ओरडली नाही, रडली नाही. भाकरी थापता थापता म्हणाली, ‘मला कधीचं माहितीये.’

मग परात बाजूला सारली. म्हणाली, ‘तो व्हिडिओ केशरबाईंनी काढला. काढायला मी सांगितलं. बाटलीच्या दुसऱ्या दिवशी त्या जवळा घेऊन आलेल्या, थरथरत होत्या. मी म्हटलं, यांना बसवरून उतरवायलाच हवं. पण बहिरा म्हणून उतरवला तर हा माणूस मामंजींसारखा ओट्यावर बसेल. गाणी ऐकतो म्हणून काढू देत. चार शिव्या खाईल, पण उठेल. तर तुम्हाला माफ करून बसले सगळे! रविवारी माझ्या घशाखाली घास गेला नाही.’

हे सगळं ती अगदी हळू आवाजात बोलली. शेजारी गंगुबाईंना कळू नये म्हणून.

मला शब्दन् शब्द ऐकू आला.